बरणीतले तळे आणि इंदूरचा ढीग

न्यासाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांच्या शिक्षणाविषयी काहीतरी 'उपयोगी पडेल असे' लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली. उपयोगी या एका शब्दाने आमची मोठी सोय झाली. शिक्षणाचे ध्येय, संस्कार, मातृभाषा या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहितीलच. आम्ही आपले बरण्या, सुतळी, राजमा आणि शेणमाती यांच्याविषयी लिहिणार आहोत. वाचनालयामागच्या खोलीत रविवारी सकाळी जो विज्ञानवर्ग भरतो, त्यात सहावी ते दहावीची मुले जे प्रयोग स्वतःच्या हातांनी करतात, त्यांची ही हकीकत आहे. ज्या पालकांस हे प्रयोग घरी करून पाहावेसे वाटतील, त्यांस पुरेल इतका तपशील दिला आहे.

विषय परिसरविज्ञानाचा. सजीव एकमेकांशी आणि भोवतालच्या हवा-पाणी-मातीशी कसे बांधलेले असतात, त्याचे हे शास्त्र. जर्मन शास्त्रज्ञ हेकेल याने १८६६ मध्ये त्यास जे नाव दिले, त्याच्या मुळाशी 'घर' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आणि इंग्लंडच्या टान्सले याने १९३५ मध्ये 'परिसंस्था' ही कल्पना मांडून सजीव व निर्जीव यांचा संसार एकत्र धरला. आपल्या देशात काशी हिंदू विश्वविद्यालयाचे प्राध्यापक रामदेव मिश्र यांनी या शास्त्राचा पाया घातला. विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष काम करवून घेणारे त्यांचे प्रयोगपुस्तक १९६८ चे आहे.

आज हा विषय शाळेत सर्वांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसा निर्देश दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीकडे पुन्हा लक्ष घातले. विषय आला, पुस्तक आले, आणि त्याच्या मागोमाग स्टेशनरीच्या दुकानात तयार 'प्रकल्प' विकत मिळू लागले. वर्गातल्या कोणत्याही मुलास विचारा. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही साखळी तो एका दमात म्हणून दाखवील, पाढा म्हणावा तशी. यांपैकी काय काय पाहिलेस, असे विचारले की नाकतोड्यावर गाडी थांबते. आणि नाकतोडा खातो काय हे पाहिलेस का, असे विचारले तर ती गवतावरच अडते. दोष मुलांचा नाही. जे शास्त्र चिखलात हात घालून शिकावयाचे, ते आपण रंगीत तक्त्यावरून शिकवतो.

ही तक्रार नवी नाही, आणि तिच्यावरचा एक मोठा उपाय आपल्याच प्रांतात होऊन गेला आहे. इंदूरपासून फार दूर नसलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात (जिल्ह्याचे नाव आता नर्मदापुरम) १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते उभे केले, पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने चालवले. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत व्याख्या पाठ करावयाच्या नसत. प्रयोग करून निष्कर्ष मुलांनीच लिहावयाचा असे. तीस वर्षे चालून २००२ मध्ये हा उपक्रम शासनाने बंद केला. बंद का केला, यावर आजही दोन पक्ष आहेत. पण खेड्यातल्या साध्या शाळेतही, महागड्या उपकरणांवाचून, मुले प्रयोग करू शकतात हे त्यातून सिद्ध झाले, आणि आमच्या खोलीचा धीर तेथूनच आलेला आहे.

पहिला प्रयोग गवताच्या काढ्याचा. मूठभर वाळके गवत कात्रीने बारीक करून लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावे, गार होऊ द्यावे, रुंद तोंडाच्या बरणीत ओतावे आणि त्यात कोणत्याही तळ्याचे वा डबक्याचे चमचाभर पाणी टाकावे. बरणीवर पातळ फडके बांधून ती उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, ठेवावी. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होते आणि वास येऊ लागतो. घरातील वडील मंडळी या टप्प्यावर बरणी फेकून द्यावयास सांगतात. ती फेकू नये. हा गढूळपणा म्हणजे जिवाणूंची गर्दी होय. उकळलेल्या गवतातील अन्न त्यांना मिळाले, ते वाढले. आता त्यांना खाणारे येतील.

दर तीन दिवसांनी पृष्ठभागाजवळचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. शंभरपट मोठे करणारे साधे यंत्र पुरते. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पुढे आणलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शकही चालतो. प्रथम नुसते ठिपके धावताना दिसतात. मग घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे जीव, मग चपलेच्या तळव्यासारखी, गिरक्या घेत पोहणारी पॅरामेशियम. त्यानंतर देठावर उभी असलेली घंटेसारखी व्हॉर्टिसेला. तिला धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो, आणि हे पाहताना मोठी माणसेही मुलांना बाजूस सारतात. अमेरिकेत वुडरफ याने १९१२ मध्ये अशाच काढ्यातील जीवांचा क्रम नोंदवून प्रसिद्ध केला. एक जमात येते, वाढते, आणि आपल्याच वाढीने पाणी असे बदलून टाकते की तेथे दुसरीचे चांगले चालावे. ओसाड रानाचे हळूहळू जंगल होते त्यास पिढ्या लागतात. बरणीत तोच प्रकार महिन्याभरात दिसतो.

येथे मुलांना गाउझेची गोष्ट सांगण्याचा आमचा परिपाठ आहे. मॉस्कोचा हा तरुण. त्याचे पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा तो पंचविशीच्या आतला होता. त्याने काचेच्या नळ्यांत पॅरामेशियमच्या दोन जाती वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही छान वाढत. एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या की काही आठवड्यांत एक उरे, दुसरी नाहीशी होई, आणि तशाच परिस्थितीत प्रयोग केला की जिंकणारी जात तीच असे. पण त्याने तिसरी एक जात घेतली, जी नळीच्या तळाशी साचलेले अन्न खाई. ती आणि हरणाऱ्यांपैकी एक, या दोघी मात्र एकाच नळीत नांदल्या. एकीने वरचा मजला घेतला, दुसरीने खालचा. एकाच गोष्टीवर दोघींचा सारखाच हक्क असेल तर दोघींचे जमत नाही. वाटणी झाली की जमते. (वाड्यात राहिलेल्या वाचकांना याचे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.) याच गाउझेने पुढे १९४२ मध्ये ब्राझ्निकोवा यांच्यासह मातीतील जिवाणूपासून ग्रॅमिसिडिन एस हे जंतुनाशक शोधले. सूक्ष्म जीवांची भांडणे बारकाईने पाहण्याची सवय अशी कामी आली.

दुसरा प्रयोग आठ परीक्षानळ्यांचा, आणि या प्रयोगात आमच्या वर्गाची खरी परीक्षा होते. ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचे द्रव्य शालेय रसायनांच्या दुकानात मिळते. पाण्यात त्याचे काही थेंब टाकावेत. पाण्यात कर्बवायू वाढला की रंग पिवळा होतो, कमी झाला की निळा; अधल्या-मधल्या अवस्थेत हिरवा. शीतपेयाच्या नळीने हळूच फुंकर घालून आधी पाणी हिरवट करून घ्यावे. फुंकावे, ओढू नये. मग चार नळ्यांत ते भरावे. एकीत काहीच नाही, दुसरीत लहानशी पाणगोगलगाय, तिसरीत हायड्रिलाची काडी, चौथीत दोन्ही. बुचे घट्ट बसवावीत. असाच दुसरा चौघींचा संच करून तो काळ्या कागदात गुंडाळावा. पहिला संच उजेडात ठेवून संध्याकाळी दोन्ही पाहावेत, आणि गोगलगायी लगेच तळ्याच्या पाण्यात परत सोडाव्यात.

प्रयोग उघडण्याआधी प्रत्येक मुलाने आठही नळ्यांचे रंग वहीत आगाऊ लिहावयाचे, असा आमचा नियम आहे. अंधारातील वनस्पतीची नळी पिवळट का झाली, यावर हटकून वाद होतो, कारण वनस्पती 'कर्बवायू घेतात' एवढेच पाठ केलेले असते. त्या रात्रंदिवस श्वासही घेतात, हे पुस्तकात असूनही डोक्यात नसते. आणि उजेडातील चौथी नळी? पुस्तकातील आकृतीत ती हिरवी असते, म्हणजे समतोल. आमच्याकडे ती कधी पिवळी होते, कधी निळी. गोगलगाय मोठी आणि काडी लहान पडली तर पिवळी. उलट असेल तर निळी. म्हणजे समतोल हा आपोआप मिळणारा आशीर्वाद नव्हे, तो प्रमाणावर अवलंबून आहे.

एका वर्षी आठवीतील एका हुशार मुलीने चौथ्या नळीचा रंग 'पिवळा' असा लिहिला, मग आकृती पाहिली, खोडला आणि 'हिरवा' लिहिले. नळी समोर पिवळीच उभी होती. का खोडलेस, असे विचारता ती म्हणाली, "परीक्षेत हिरवाच धरतात, आजोबा." यात तिचे खोटे बोलणे नव्हते, तिला जे वर्षानुवर्षे शिकवले गेले तेच तिने केले. आम्हांस वाटते, विज्ञानशिक्षणातील सगळा झगडा या एका खोडलेल्या शब्दात आहे. तेव्हापासून आमच्या वर्गात खोडरबर नाही. वही शाईने लिहावयाची. चुकले असे वाटले तर आडवी रेघ मारून शेजारी नवे लिहावयाचे, पण जुने वाचता आले पाहिजे. त्या मुलीने पुढच्या रविवारी लहानमोठ्या काड्या घेऊन सहा नळ्या लावल्या आणि कोणत्या काडीस रंग पालटतो ते शोधून काढले. तो तक्ता खोलीच्या भिंतीवर लावलेला आहे.

तिसरा प्रयोग राजम्याचा. यात गणित आहे आणि थोडी करमणूकही. तळ्यात मासे किती, रानात हरणे किती, हे सगळे मोजता येत नाही. मग काही पकडावेत, खूण करून सोडावेत, मिसळू द्यावेत, पुन्हा पकडावेत, आणि दुसऱ्या खेपेत खुणेचे किती आले यावरून एकूण संख्या काढावी. डेन्मार्कच्या पीटरसन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांवर, आणि अमेरिकेच्या लिंकन याने १९३० मध्ये बदकांवर ही रीत वापरली. आम्ही ती राजम्यावर वापरतो. मोठ्या डब्यात न मोजता राजमा ओतावा. ५० दाणे काढून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, वाळू द्यावा, परत टाकून डबा खूप हलवावा. मग डोळे मिटून ६० दाणे काढावेत. त्यांत खुणेचे ६ निघाले तर ५० गुणिले ६०, भागिले ६, म्हणजे ५००. ज्याच्या हाती खुणेचे ४ च येतात त्याचे उत्तर ७५०, ज्याच्या हाती ८ येतात त्याचे ३७५. मुले एकमेकांस खोटे ठरवू लागतात. मग सर्वांची उत्तरे फळ्यावर मांडून ती कोठे दाटतात ते पाहावे, आणि शेवटी डबा खरोखर मोजावा. एका आजींनी दारातून पाहून विचारले होते, "शेवटी मोजायचेच होते तर आधीच का नाही मोजले?" प्रश्न बिनतोड आहे. राजमा मोजता येतो म्हणूनच तो घेतला. रीत कितपत भरवशाची आहे हे जेथे खरे उत्तर कळते तेथेच तपासता येते, आणि मग ती जेथे कळत नाही तेथे न्यावयाची.

डबा नीट हलवला नाही तर काय होते, खुणेचा रंग पुसला गेला तर उत्तर वाढते की घटते, हे प्रश्न मुलांनीच काढावेत. देशातील वाघांची गणती याच तत्त्वाच्या सुधारलेल्या रूपाने होते. वाघास ठिपका द्यावा लागत नाही, त्याचे पट्टे हीच त्याची खूण. रानात लावलेले कॅमेरे ती टिपतात. २००६ पासून देशभर ही रीत आहे. २०२२ च्या गणतीत देशात सरासरीने ३,६८२ वाघ निघाले, त्यांपैकी मध्यप्रदेशात ७८५. वर्तमानपत्रात एकच आकडा छापतात, मूळ अहवालात मात्र किमान व कमाल अशी मर्यादा दिलेली असते. ती का द्यावी लागते, हे आमच्या राजमावाल्यांना सांगावे लागत नाही.

चौकटीच्या प्रयोगाविषयी थोडक्यात. चार खिळे आणि सुतळी घेऊन एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट जमिनीवर आखावी आणि आतील प्रत्येक जातीची रोपे मोजावीत. जागा चिठ्ठी टाकून ठरवावी. 'सहज' निवडली की मन हटकून हिरव्यागार जागी जाते. पायवाटेवर दूर्वा तग धरतात, कुंपणाकडेला टाकळा, कुर्डू, आघाडा माजतात. गाजरगवतास हात लावू नये, अंगावर पुरळ उठते. पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास प्रथम दिसलेले हे परदेशी गवत आज देशभर पसरले आहे. आपल्या आवाराच्या उत्तरेकडील चौकटीत दुसरे काही फारसे सापडतच नाही.

आता मातीकडे येतो, कारण इंदूरच्या वाचकांस ती सर्वांत जवळची वाटावी. शेणखत आणि पालापाचोळा यांपासून शास्त्रीय रीतीने खत करण्याची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती खरोखरच या गावची. १९२४ मध्ये येथे होळकर दरबाराच्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संशोधन संस्था निघाली. सर अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते आणि १९३१ पर्यंत येथे राहिले. गॅब्रिएल हॉवर्ड या त्यांच्या पत्नी स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या व कामात बरोबरीच्या सहकारी होत्या. १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांवर जे पुस्तक ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. जगातील सेंद्रिय शेतीची चळवळ हॉवर्ड यांचे नाव आदराने घेते, वाडांचे क्वचितच. आपल्या स्मरणिकेत तरी ते यावे. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

पद्धत अशी. वाळका पालापाचोळा व हिरवा काडीकचरा यांचा थर, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख यांचा पातळ थर, वर पाणी. असे थरावर थर. पावसाळ्यात जमिनीवर ढीग, कोरड्या दिवसांत उथळ खड्डा. तीन वेळा उलथापालथ केली की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. यात गुपित प्रमाणाचे आहे. कचऱ्यातील कर्ब नत्राच्या सुमारे तीस पट असला की जिवाणू व बुरशी यांचे काम झपाट्याने चालते. नुसता वाळका पाला महिनोन् महिने तसाच पडून राहतो, नुसते शेण वा हिरवे गवत कुजून दुर्गंधी सुटते.

मुलांसाठी प्रयोग हा, की ढीग एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच करावा आणि त्याच मिश्रणाची एक बादलीही भरावी. दोहोंत लांब दांड्याचा तापमापक रोज एकाच वेळी खुपसून आकडा वहीत लिहावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश भरतात. हात घालवत नाही. बादली जेमतेम कोमट होते. माल एकच, मग फरक का? लहान वस्तूचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने मोठा, म्हणून उष्णता निसटते. हे गणित सहावीच्या मुलास आकृतीने समजावता येते. न समजले तर एक वाटी आमटी आणि पातेलेभर आमटी, यांतील आधी गार कोणती होते ते विचारावे. आठवड्याने ढीग गार होऊ लागतो. उलथून मोकळा केला की पुन्हा तापतो, कारण आतील जिवाणूंस हवा मिळाली. आलेख काढला की प्रत्येक उलथापालथीचे एक शिखर दिसते.

याच ढिगात टोमॅटोच्या बिया दोन पुरचुंड्यांत बांधून एक मध्यभागी, एक अगदी कडेला पुरावी. पंधरवड्याने काढून दोन कुंड्यांत पेराव्यात. कडेच्या बिया उगवतात; मधल्या बहुधा नाही. घरगुती खताच्या कुंडीत न लावलेले टोमॅटो का उगवतात आणि मोठ्या ढिगाच्या खतात तण कमी का असते, हे मुलांस एकदम उमगते.

यंदा गणेशोत्सवातील निर्माल्य मुलांनी या ढिगातच घातले. दोरे, जरीचे तुकडे आणि थर्माकोल वेचून काढण्यास दोन दिवस गेले. इंदुरात ओला व सुका कचरा वेगळा करणे आता अंगवळणी पडले आहे. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ पासून शहराने वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला, आणि २०२२ पासून ओल्या कचऱ्याचा वायू करणारा मोठा कारखानाही चालू आहे. मुलांना कोणता डबा कोणत्या रंगाचा हे पाठ असते. गाडी गेल्यावर त्या कचऱ्याचे काय होते, ते त्यांनी पाहिलेले नसते. ढिगात ते पाहावयास मिळते.

याच्याच जोडीचा प्रयोग मातीतील प्राण्यांचा. इटलीच्या बर्लेझे याने १९०५ मध्ये सुचवलेले नरसाळे आम्ही शीतपेयाच्या मोठ्या बाटलीचा वरचा भाग कापून करतो. तो उलटा बसवून आत मच्छरदाणीपेक्षा जाड विणीची जाळी घालावी, तीवर झाडाखालचा ओलसर पाचोळा ठेवावा, खाली ओला टीपकागद घातलेली वाटी. वरून दिव्याची ऊब द्यावी. जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा घ्यावा, एलईडी दिवा फारसा तापत नाही. उष्णता व कोरडेपणा टाळण्यासाठी प्राणी खाली खाली सरकतात आणि एका दिवसात वाटीत पडतात. नखाच्या टोकाएवढे उड्या मारणारे किडे, सूक्ष्म कोळीवर्गीय जीव, कधी नांग्या असलेला पण शेपूट नसलेला खोटा विंचू. भिंगाने मोजून झाले की सगळे जेथून आणले तेथेच परत.

आवारातील कडुनिंबाखालचा पाचोळा आणि दक्षिणेकडील झाडून काढलेल्या जागेतील माती, एकाच मापाने घेऊन, मुलांनी पावसाळ्यात चार रविवारी तपासली. कडुनिंबाच्या वाटीत दर खेपेस डझनांनी जीव मिळाले. झाडलेल्या जागेच्या वाटीत दोन वेळा एकही नव्हता. हा चार रविवारांचा हिशेब आहे, मोठे संशोधन नव्हे, आणि मुलांनीही वहीत तसेच लिहिले आहे. तरी तो येथे देण्याचे कारण आहे. महोत्सवानिमित्त सबंध अंगणास फरशी बसवावी, असा विचार विश्वस्तांपुढे आहे. मांडव घालावयास, खुर्च्या मांडावयास फरशी सोयीची, वृद्धांस चिखलातून चालावे लागत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. आमचे स्वतःचे गुडघे फरशीच्याच बाजूचे आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की फाटकापासून सभागृहापर्यंत फरशी करावी आणि कडुनिंबाभोवतीचा सुमारे पंधरा फुटांचा भाग व ढिगाची जागा मोकळी ठेवावी. फाल्गुनात गळणारी पाने दरवर्षी जाळतात, ती जाळू नयेत, ढिगाकडे द्यावीत. मुलांनी आपली वही आणि हे दोन मुद्दे असलेला अर्ज विश्वस्तांकडे दिला आहे. अर्जावर कोणाही मोठ्या माणसाची सही नाही. आम्ही ती मुद्दामच केली नाही.

पाण्याचा एक प्रयोग राहिला. तळ्याचे पाणी तीन बरण्यांत सारखे घ्यावे. पहिली तशीच ठेवावी, दुसरीत डीएपी खताचे दोन-तीन दाणे टाकावेत, तिसरीत पाव चमचा. तिन्ही खिडकीत ठेवून रोज पाहाव्यात. खताने पाणी हिरवे होत जाते, आणि पुढे ती हिरवळ मरून कुजली की वास सुटतो. तिसऱ्या बरणीचे काय होईल, ते आम्ही येथे सांगत नाही. मुलांनी आधी अंदाज लिहावा. कॅनडात १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग सबंध तलावावर केला. २२६ क्रमांकाच्या तलावाच्या मध्ये पडदा लावून त्याचे दोन भाग केले. कर्ब व नत्र दोन्हीकडे घातले, स्फुरद फक्त एकीकडे. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली. वरून काढलेले ते छायाचित्र कपडे धुण्याच्या पावडरीतील स्फुरदाविषयीच्या वादात फार गाजले. आपल्याकडे सिरपूरचा होळकरकालीन तलाव आणि यशवंत सागर हे दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत आले. तेथील पाणी वा जीव परवानगीवाचून आणू नयेत. प्रयोगास घराजवळचे डबके वा गच्चीवर महिनाभर ठेवलेली पाण्याची कुंडी पुरते, फक्त तिच्यात डास होऊ नयेत म्हणून जाळी बांधावी.

सर्व प्रयोगांनंतर साबणाने हात धुवावेत. काढ्याचे वा डबक्याचे पाणी तोंडाने ओढू नये. ढीग उलथताना तोंडावर रुमाल बांधावा, आणि हातापायास जखम असलेल्याने त्या दिवशी फक्त वही लिहावी.

खर्चाचे विचाराल तर सूक्ष्मदर्शक सोडता बाकी सारे घरातल्या अडगळीत निघते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, लोणच्याच्या असल्या तरी चालतील, आम्हांस आणखी बारा हव्या आहेत; झाकण नसले तरी हरकत नाही. जुना तारेचा दिवा कोणाकडे पडला असेल तर तोही द्यावा, बाजारात तो आता मिळेनासा झाला आहे. ढिगाची तिसरी उलथापालथ दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता आहे. येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावे, फावडी येथे आहेत.